टायबरच्या खोऱ्यांत पडलेला माणगांवचा शिपाई

धर्मग्रामाच्या महोत्सवाची स्मरणिका म्हटली म्हणजे देवळाचा पाया केव्हां घातला, घंटा कोणीं दिली, वेदी कोणत्या सालीं बदलली, कोणकोणते धर्मगुरू येऊन गेले, हा वृत्तांत तींत यावयाचाच. आणि तो या पुस्तकांत अन्यत्र यथास्थित आलेलाहि आहे. संपादक मंडळानें इतिहासविषयक एक लेख आमच्याकडे मागितला, तेव्हां आम्हीं मात्र जाणूनबुजून धर्मग्रामाच्या शिवेबाहेरचा विषय निवडला. ज्या तरुणाविषयीं आम्ही लिहीत आहों तो आपल्या धर्मग्रामाचा नव्हता. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. त्याचें नांव आपल्या कोणत्याहि नोंदवहींत नाहीं. असें असतां तो येथें कां, हें वाचकांस पुढें दिसून येईल.

आपल्याकडून दरवर्षीं कांहीं कुटुंबें यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर इटलींत जाऊन येतात. रोमला सांत पेत्राच्या महामंदिरांत मिस्सा ऐकतात, असीसीला सांत फ्रान्सिसच्या कबरीपाशीं गुडघे टेकतात, आणि परततांना जपमाळा, पदकें व छायाचित्रें घेऊन येतात. असीसीच्या टेकडीवरून खालीं जें विस्तीर्ण मैदान दिसतें, त्याच्या पश्चिमेस, पेरूजा शहराच्या पायथ्याशीं, टायबर नदी वाहते. रोममध्यें व्हॅटिकनच्या जवळून जाते तीच ही नदी. तिच्या काठानें उत्तरेकडे चढत गेलें म्हणजे उंबेर्तीदे लागतें, आणि त्याच्या पुढें, एका टेकडीच्या माथ्यावर, मोंतोने नांवाचें तटबंदीचें जुनें गांव. प्रभूच्या कांट्यांच्या मुकुटांतील एक कांटा या गांवांत आहे अशी तिकडे परंपरा असून त्याचा सण आजहि होतो. याच परिसरांतील डोंगरांत 10 जुलै 1944 रोजीं पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींतील नाईक यशवंत घाडगे हे लढतां लढतां पडले. त्यांचें वय बावीस वर्षांचें होतें.

शूर शिपायाचें स्मरण करण्याच्या दोन रीति आपल्या समाजांत रूढ आहेत. एक पोवाड्याची, तींत वीर हा पाळण्यांतूनच वीर असतो. दुसरी सरकारी दप्तराची. तींत माणसाच्या आयुष्यांतील चार-पांच मिनिटें तेवढीं नमूद असतात, आणि बाकीचें आयुष्य गांवाच्या नांवाच्या एका ओळींत आटोपतें. दोन्ही रीतींस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु ज्याच्यासाठीं प्रार्थना करावयाची तो मनुष्य कोठून आला, कशासाठीं गेला, आणि त्याच्या समोर कोण होतें, हें समजून घेतल्यावांचून त्याचें स्मरण पुरें होत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

यशवंत घाडगे यांचा जन्म 1921 मध्यें, त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यांत, माणगांव तालुक्यांतील पळसगांव येथें झाला. कुलाब्याला रायगड हें नांव 1981 पासून मिळालें. हा मुलूख ज्यांनीं पाहिला आहे त्यांस अधिक सांगावयास नको. पावसाळ्यांत चिखलांत उभें राहून भाताची लावणी करावयाची, दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी, आणि त्यानंतर उरलेलें वर्ष कसें काढावें ही विवंचना. खाचरें लहान, भाऊबंद पुष्कळ, वरकस जमिनींत नाचणी-वरीचें पीक जेमतेम. त्यांतून पुन्हां खोतीची पद्धत. पिकाचा वांटा खोताच्या घरीं पोंचवून जें उरेल तें आपलें. ती पद्धत कायद्यानें बंद होण्यास 1949 साल उजाडावें लागलें. तेव्हां एक भाऊ शेतावर, एक मुंबईच्या गिरणींत आणि एक पलटणींत, अशी मुलांची वांटणी कोकणांतील कित्येक घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या केलेली आढळते. पोस्टमन दर महिन्यास जी मनिऑर्डर आणी तिच्यावर चुलीचा धूर अवलंबून असे. आपल्या धर्मग्रामांतील वृद्धांस हें सर्व परिचित आहे. ज्यांच्या घरांत अजून पत्र्याच्या लष्करी पेट्या आहेत, त्यांनीं त्या पेट्यांवरील नंबर एकदां वाचून पाहावेत.

पलटणींचा इतिहास मात्र गरिबीच्या हिशेबानें सगळा उलगडत नाहीं. मुंबईच्या कंपनी सरकारानें 1768 मध्यें शिपायांची जी पलटण उभारली, ती पुढें 'जंगी पलटण' या नांवानें प्रसिद्धीस आली, आणि तिच्याभोंवतीं मराठा पलटणींचें एक कूळच तयार झालें. बाप ज्या पलटणींत त्याच पलटणींत मुलगा, ही चाल होती. घाडगे यांची पलटण मूळची 110 वी मराठा. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांत कुत येथें वेढ्यांत सांपडून 29 एप्रिल 1916 रोजीं ज्या सैन्याला उपासमारीनें शरण जावें लागलें, त्यांत ती होती. पुढें 1922 च्या पुनर्रचनेंत तिला पांचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण हें नांव मिळालें. दुसऱ्या महायुद्धांत, 1941 च्या मार्चमध्यें, एरिट्रियांतील केरेनच्या उभ्या कड्यांवर रात्रीच्या अंधारांत चढून तिनें शत्रूचें एक शिखर घेतलें. त्या वेळीं तिचे कर्नल डेनिस रीड हे होते. हेच रीड पुढें शत्रूच्या हातीं सांपडले, कैदेंतून निसटले, आणि 1944 मध्यें इटलींत दहाव्या हिंदी डिव्हिजनचे सेनापति होऊन आले. त्यांच्याच हाताखालीं ही पलटण टायबरच्या खोऱ्यांत उतरली. केरेनला ज्यांच्याशीं ती लढली ते इटालियन होते; इटलींत आली तेव्हां इटली देश शरण येऊन दोस्तांच्या बाजूस झाला होता, आणि समोर होते ते जर्मन. तीन वर्षांत शत्रु व मित्र यांची अशी उलटापालट झाली होती.

एक प्रश्न आमचे तरुण वाचक विचारतील, आणि तो त्यांनीं विचारावाच. हा मुलगा कोणाच्या राज्यासाठीं लढला? देश पारतंत्र्यांत होता. 1942 च्या सप्टेंबरांत माणगांवच्या शेजारच्या महाडांत 'चले जाव'चा मोर्चा निघाला आणि गोळीबारांत माणसें पडलीं. त्याच मुलखाचीं मुलें त्याच सरकारचा गणवेश चढवून समुद्रापार जात होतीं. त्या युद्धांत हिंदी सैन्याची संख्या पंचवीस लाखांवर गेली, आणि त्यांपैकीं कोणासहि कायद्यानें सक्ति करून भरती केलेलें नव्हतें. पोटासाठीं गेले, बापजाद्यांच्या रिवाजानें गेले, गांवांत इभ्रत वाढावी म्हणून गेले. कोणी जग पाहावें म्हणूनहि गेला असेल. महाडच्या रस्त्यावर पडलेला तरुण देशभक्त आणि इटलीच्या डोंगरावर पडलेला भाडोत्री, अशी सोपी वांटणी कांहीं लोक करितात. ती आम्हांस मान्य नाहीं. ज्या सत्तेशीं हा शिपाई लढला तिनें युरोपांत जें आरंभिलें होतें तें थांबवणें आवश्यक होतें, मग थांबवणाऱ्यांच्या डोक्यावर कोणाचाहि मुकुट असो.

आतां इटलीकडे वळूं. दोस्तांचें सैन्य 10 जुलै 1943 रोजीं सिसिली बेटावर उतरलें. (तारीख ध्यानांत ठेवावी, बरोबर एक वर्षानें, त्याच तारखेस, आपल्या कथेचा नायक पडला.) इटलीनें सप्टेंबरांत शस्त्र खालीं ठेवलें, परंतु जर्मन सैन्यानें देश आपल्या ताब्यांत घेतला आणि एकेक डोंगर, एकेक नदी अडवून धरली. 1944 चा हिवाळा माँते कासिनोपाशीं गेला. सांत बेनेदिक्तानें सहाव्या शतकांत स्थापिलेला तेथील मठ 15 फेब्रुवारी 1944 रोजीं दोस्तांच्या विमानांनीं बाँब टाकून उद्ध्वस्त केला, आणि तरीहि तो डोंगर हातीं येण्यास 18 मेपर्यंत थांबावें लागलें. 4 जून रोजीं रोम मुक्त झालें. 20 जून रोजीं पेरूजा. जर्मन सैन्य उत्तरेस हटत होतें, पण पळत नव्हतें. उत्तरेकडील आपली शेवटची तटबंदी पुरी होईपर्यंत वेळ काढावयाचा, हा त्यांचा डाव. म्हणून टायबरच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर, जेथें जेथें पाऊलवाट वळते तेथें तेथें, त्यांनीं मशीनगनीचीं ठाणीं मांडलीं. रस्ते उखडलेले, पूल उडवलेले. मोटारी चालत नाहींत तेथें दारूगोळा व पाणी खेचरांच्या पाठीवरून वर न्यावें लागे. मराठा शिपाई अशा भूमीला बुजणारा नव्हे. सह्याद्रीच्या कुशींत वाढलेल्या मुलांना चढ-उतार शिकवावे लागत नाहींत.

त्या डोंगरांत राहणाऱ्या लोकांचें काय चाललें होतें, हें सांगितल्यावांचून पुढें जाणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. इतिहासाच्या पुस्तकांत सेनापतींचीं नांवें असतात, आणि ज्यांच्या शेतांतून सैन्यें गेलीं ते दिसेनासे होतात. तीं माणसें आपल्यासारखींच धर्मग्रामांत राहणारीं होतीं. रविवारीं मिस्सेला जाणारीं, द्राक्षें व गहूं पिकवणारीं. उंबेर्तीदे येथें 25 एप्रिल 1944 रोजीं दोस्तांचीं विमानें टायबरवरील पूल पाडावयास आलीं. बाँब पुलावर न पडतां वस्तीवर पडले आणि 70 नागरिक मेले. त्यानंतर दोन महिन्यांनीं, 28 जून रोजीं, त्याच उंबेर्तीदेजवळ निक्कोने खोऱ्यांतील पेनेतोला या वाडींत जर्मन सैनिकांनीं घरांतील माणसांस आंत कोंडून आग लावली. 12 जीव गेले, त्यांत मुलेंहि होतीं. एका बाजूच्या चुकीनें सत्तर, दुसऱ्या बाजूच्या क्रौर्यानें बारा. दोन्ही गोष्टी एकाच पारड्यांत घालाव्यात असें आमचें म्हणणें नाहीं. मुद्दाम जाळणें आणि नेम चुकणें यांत अंतर आहे. तथापि मेलेल्यांच्या घरीं तें अंतर कितपत जाणवलें असेल, हें ज्याचें त्यानें मनांत आणावें. पेनेतोलाची राख निवून बारा दिवसहि झाले नव्हते तों दहावी हिंदी डिव्हिजन त्या खोऱ्यांतून वर सरकत होती.

10 जुलैचा दिवस. पळसगांवास या दिवसांत भाताची लावणी ऐन भरांत असते. आवणाच्या जुड्या, कमरेइतकें वांकलेलीं माणसें, डोक्यावर इरलीं आणि अंगावर पाऊस. इकडे उंब्रियांत कडक ऊन, आणि कापणीस आलेला गहूं. त्या उन्हांत पलटणीच्या एका कंपनीनें शत्रूच्या मजबूत ठाण्यावर हल्ला चढविला. नाईक यशवंत घाडगे हे एका रायफल सेक्शनचे नायक होते. सेक्शन म्हणजे दहाएक जवानांची तुकडी; नाईक त्यांचा वडील भाऊ. कोण जेवला, कोणाच्या पायांस फोड आले, कोणास घरून पत्र आलें नाहीं, हें नाईकास ठाऊक असावें लागतें. बावीस वर्षांच्या मुलावर दहा घरांच्या मुलांची जबाबदारी होती.

सेक्शन जवळ येतांच अगदीं थोड्या अंतरावरून एका मशीनगनीनें मारा सुरू केला. जर्मनांची त्या काळची मशीनगन मिनिटास हजारांहून अधिक गोळ्या झाडी. कांहीं क्षणांत तुकडींतील सर्व जवान ठार किंवा घायाळ होऊन पडले. उभे राहिले एकटे नाईक घाडगे.

येथें आम्ही वाचकांस क्षणभर थांबावयास सांगतों. मागें वळणें शक्य होतें. जमिनीशीं पडून राहणें शक्य होतें, आणि त्यांत कोणी दोष दिला नसता. ज्या नायकाची सारी तुकडी गेली त्यानें दुसऱ्या तुकडीची वाट पाहावी, हें लष्करी शहाणपणाला धरूनच झालें असतें. परंतु घायाळ जवान त्याच मशीनगनीच्या तोंडापुढें उघड्यावर पडलेले होते. आपल्याबरोबर कोणी उरलें नाहीं हें पुरतें ओळखून नाईक घाडगे यांनीं सरळ त्या ठाण्यावर धांव घेतली. प्रथम हातगोळा फेंकला. त्यानें मशीनगन बंद पडली आणि ती चालविणारा ठार झाला. मग टॉमी-गननें दुसऱ्यास टिपलें. तोंच काडतुसें संपलीं. नवीं भरण्यास अवसर नव्हता. तेव्हां त्यांनीं बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्यानें हाणून उरलेल्या दोघांस ठार केलें. ठाणें हातीं आलें. परंतु जवळपास लपलेल्या शत्रूच्या नेमबाजांनीं त्यांच्या छातींत व पाठींत गोळ्या घातल्या, आणि जें ठाणें त्यांनीं एकट्यानें जिंकलें त्याच ठाण्यांत त्यांनीं प्राण सोडला.

हें वर्णन आम्हीं सौम्य केलेलें नाहीं. शौर्यपदकाच्या सरकारी जाहीरनाम्यांतहि तें असेंच उघड आहे. शाळांतील कार्यक्रमांत ही कथा सांगतांना बंदुकीच्या दस्त्याचा भाग गाळतात, असें आम्हीं पाहिलें आहे. मुलें कोंवळीं आहेत, हें कारण देतात. मुलांच्या वयाचा विचार व्हावा हें ठीकच. पण मोठ्यांपुढेंहि तो गाळावा हें आम्हांस पटत नाहीं. युद्ध म्हणजे काय तें त्या एका वाक्यांत आहे. दुरून गोळी झाडणारा समोरच्याचें तोंड पाहत नाहीं. या मुलाला तें पाहावें लागलें, दोनदां. त्या ठाण्यांतील चौघांचींहि कोठें तरी घरें होतीं, आणि त्यांच्याहि आया पत्राची वाट पाहत होत्या. जाहीरनाम्यांत त्यांचीं नांवें नाहींत. असल्या कागदांत तीं कधींच नसतात.

याविषयीं आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण काय, असें कोणी विचारील. द्वितीय व्हॅटिकन धर्मपरिषदेनें 1965 मध्यें जो मोठा दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यांत लोकांच्या सुरक्षिततेसाठीं व स्वातंत्र्यासाठीं प्रामाणिकपणें शस्त्र धरणाऱ्या शिपायास शांततेचा सेवक म्हटलें आहे. आणि त्याच ठिकाणीं थोडें पुढें, नगरेंच्या नगरें व त्यांतील रहिवासी सरसकट नष्ट करणाऱ्या युद्धाचा कडक निषेध केला आहे. दोन्ही वचनें एकत्र वाचावींत. पैकीं एकच वाचून दुसरें मिटून ठेवणारे लोक आम्हांस उभय पक्षांत भेटतात.

व्हिक्टोरिया क्रॉस हें ब्रिटिश साम्राज्याचें शौर्याबद्दलचें सर्वोच्च पदक. तें 1856 मध्यें निघालें, परंतु हिंदी शिपायांस तें मिळण्याची मुभा 1911 पर्यंत नव्हती. तोंवर मरण एक, शौर्य एक, पण पदकें दोन, असा न्याय होता. नाईक घाडगे यांस हें पदक मरणोत्तर दिल्याची घोषणा लंडनच्या सरकारी गॅझेटांत 2 नोव्हेंबर 1944 रोजीं प्रसिद्ध झाली. आपल्या वाचकांस ही तारीख सांगावी लागत नाहीं. तो सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस, ज्या दिवशीं आपण दफनभूमींत मेणबत्त्या लावितों. लंडनच्या कारकुनांनीं ती तारीख योजून घातली असेल असें नव्हे. पदक म्हणजे काय तर कांशाचा एक क्रूस आणि गडद तांबडी फीत. पळसगांवच्या घरीं त्यांची तरुण पत्नी मागें राहिली होती.

इटलींतील त्या संबंध मोहिमेंत एकूण 20 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकीं 6 हिंदी सैन्यांतील शिपायांचे. आणि त्या सहांतले दोन मराठा लाइट इन्फंट्रीचे. दुसरे नामदेव जाधव, त्या काळच्या अहमदनगर जिल्ह्यांतले. त्यांचाहि जन्म 1921 चाच. 9 एप्रिल 1945 रोजीं सेनियो नदीवर त्यांनीं आपल्या घायाळ सोबत्यांस पाठीवर घेऊन पाण्यांतून परत आणलें आणि मग मशीनगनीच्या ठाण्यांवर एकट्यानें चाल केली. ते वांचले, घरीं आले, आणि 1984 पर्यंत जगले. एकाच सालीं जन्मलेल्या दोन मुलांपैकीं एकाला चाळीस वर्षें अधिक मिळालीं: शेत, संसार, पावसाळे, पंढरीची वारी पाहण्याचे आषाढ. दुसऱ्याला काय मिळालें नाहीं याचें माप यावरून काढतां येतें.

इटलींत 5,782 हिंदी जवान कामास आले. नाईक घाडगे यांची कबर अशी कोठेंच नाहीं. ज्यांचें अंतिम विश्रांतिस्थान ज्ञात नाहीं अशा चार हजारांहून अधिक सैनिकांचीं नांवें कासिनो येथील युद्ध-दफनभूमींतील स्मारकावर कोरलेलीं आहेत; त्यांत त्यांचें नांव आहे. त्या दफनभूमींतून वर मान केली कीं डोंगराच्या माथ्यावर सांत बेनेदिक्ताचा मठ दिसतो. तो पूर्वीं होता तसा पुन्हां बांधून काढला, आणि 1964 मध्यें परमगुरु सहावे पौल यांनीं त्याचें पुनःसमर्पण केलें. मठ पुन्हां उभा राहतो. आमच्या मतें त्या दोन दृश्यांपैकीं खालचें अधिक वेळ पाहावें. यात्रेच्या गाड्या बहुधा वरच्या मठापाशींच थांबतात.

स्वदेशीं माणगांवास तहसील कचेरीच्या आवारांत त्यांचा पुतळा आहे. पलटणीचें तर नांवहि बदललें: स्वातंत्र्यानंतर, 1952 मध्यें, ही तिसरी मराठा पलटण पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली. जिल्ह्याचें नांव बदललें, पलटणीचें नांव बदललें, ज्या राजाच्या नांवानें पदक दिलें तें राज्यहि या देशांतून गेलें.

आणि मग, 79 वर्षांनीं, 2023 च्या जुलैमध्यें, मोंतोने गांवानें त्यांचें स्मारक उभारलें. गांवच्या नगरसभेनें व इटलींतील लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनीं मिळून हें केलें. उद्घाटनास आपले राजदूत हजर होते. स्मारक म्हणजे पुतळा नव्हे, तोफ नव्हे. तें एक सूर्यघड्याळ आहे. त्याच्यावर लॅटिन भाषेंत चार शब्द कोरले आहेत: ओम्नेस सुब एओदेम सोले. सर्वजण एकाच सूर्याखालीं, असा त्यांचा अर्थ. सेमिनरींत ज्यांनीं लॅटिनचीं रूपें घोकलीं त्या आमच्यासारख्यांस यांत कठीण कांहीं नाहीं. पहिल्या वर्षाचें व्याकरण पुरतें. डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें सूर्याचा जो दाखला दिला तो वाचकांस सहज आठवेल. हें वाक्य निवडणाऱ्यांच्या मनांत तो होता कीं नव्हता, याचा आग्रह आम्ही धरीत नाहीं. 'सर्व' या शब्दांत त्या मशीनगनीवरचे चौघेहि येतात, उंबेर्तीदेचे सत्तर येतात, पेनेतोलाचे बारा येतात, एवढें मात्र खरें. पळसगांवास मध्यान्ह मोंतोनेहून सुमारें चार तास आधीं होते. तेथील घड्याळावर सकाळच्या आठांची सावली पडते त्या वेळीं माणगांवच्या खाचरांत लावणीचीं माणसें भाकरीसाठीं बांधावर येऊन बसलेलीं असतात.

पुढील यात्रेस आपल्याकडून जीं कुटुंबें जाणार आहेत त्यांस एक सूचना. असीसीहून मोंतोनेला मोटारीनें सुमारें तासाभराचा रस्ता आहे. जथ्याच्या व्यवस्थापकास आधीं सांगून ठेवल्यास ती वाट करून घेतां येईल. एखादी खरेदीची दुपार कमी करावी लागेल इतकेंच. जातांना पेरूजाच्या पुढें नदी गाडीच्या कोणत्या अंगास येते तें पाहत राहावें. माणगांवकडील कोणी बरोबर असल्यास त्यानें गांवची मूठभर माती कागदांत बांधून न्यावी.

येत्या 10 जुलैस सकाळची मिस्सा आम्ही त्या डोंगरावर त्या दिवशीं मेलेल्या सर्वांसाठीं अर्पण करूं: यशवंत घाडगे, त्यांच्या तुकडींतील जवान, आणि ठाण्यांतील ते चौघे. मिस्सा नेहमींच्या वेळीं, साडेसहास सुरू होईल.